पोकरणच्या वाटेवर आडोसा नव्हता

राजस्थानला जाऊन आलो हे सिंदीत सगळ्यांना माहीत आहे. बाजारात कोणी भेटलं की विचारतं, "काय जी मनोहरराव, उंटावर बसले का नाई?" बसलो. फोटो आहे. डोक्यावर लाल फेटा, तोंडभर हसू. तो फोटो मोबाइलमधून काढून टाकावा असं रोज वाटतं आणि काढवत नाही.

आमच्या निवृत्त कर्मचारी मंडळाचा अंक निघतो. त्यासाठी प्रवासाचं काहीतरी लिहून द्या म्हणून दोनदा निरोप आला, मी टाळलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा माझी बहीण, सुमनताई, समोर बाजेवर पडली होती. ती म्हणाली, "लिही नं मन्या. गेलतो आपण, खोटं थोडीच हाय?"

म्हणून लिहितो. कोणता किल्ला कोणत्या राजानं कधी बांधला हे ज्याला पाहिजे त्यानं दुसरीकडं वाचावं. माझ्याजवळ ते नाही. पण घरच्या बायकांना घेऊन अशा बसच्या सहलीला जे निघणार आहेत, त्यांनी हे जरूर वाचावं.

निघण्याआधी

आधी आमचं थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी सेलूच्या तहसीलमध्ये कारकून होतो. नऊ वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या. डायलिसिसवर होतो, तोंड सुजलेलं, भावकीतले लोक भेटायला येऊन दारातूनच परत जायचे. सुमनताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. कारंजाला राहायची, अंगणवाडी सेविका होती, भाऊजी वारलेले. ती एका सकाळी पिशवी घेऊन आली आणि म्हणाली, "कुठं सही कराची हाय थे सांगा." चर्चा वगैरे काही झाली नाही. तिची एक किडनी मला बसली. तेव्हापासून आम्ही दोघं बहीणभाऊ एकेका किडनीवर.

डॉक्टरांनी दोघांनाही सारखंच बजावलं होतं. पाणी भरपूर प्यायचं, दुखण्याच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. मला दर तपासणीला बजावत राहिले, नऊ वर्षं. ताईला एकदाच सांगितलं, सुट्टी झाली त्या दिवशी, दारात रिक्षा उभी असताना.

तिच्यासाठी काहीतरी करावं असं माझ्या मनात फार दिवसांपासून होतं. साडी-चोळीनं फिटणारं हे नव्हतंच. अंगणवाडीतल्या भिंतीवर एक उंटाचं चित्र होतं. पोरं तिला विचारायची, बाई तुम्ही उंट पाह्यला का? ती म्हणायची, पाहीन कधी. मी तेवढंच धरून बसलो. वर्ध्याचा नितीन म्हणून एक पोरगा सहली काढतो, सोबत आचारी असतो, आपलं वरण-भात-पोळी मिळतं. संक्रांत आटोपली आणि मी दोघांची नावं दिली. बायको येणार नव्हती, मुलीचं बाळंतपण तोंडावर होतं.

स्टेशनवर बायकोनं ताईचा हात धरला आणि माझ्याकडं बोट केलं. म्हणाली, "ताई, यायच्या गोळ्या सकाळी नऊ अन् रात्री नऊ. यायले काई सुद राहत नाई. तुमीच लक्ष ठेवजा." ताई म्हणाली, "तू कायजी नको करू." मला मात्र कोणी ताईकडे लक्ष ठेव असं सांगितलं नाही. आणि सांगायला पाहिजे होतं का? साठीच्या बाप्याला हेही कोणी सांगायचं?

जयपूर

रेल्वेनं जयपूर आणि तिथून पुढं आठ दिवस बस. आम्ही छत्तीस माणसं, बहुतेक निवृत्त मास्तर, मास्तरणी, बँकेतले. पहिल्याच सकाळी नितीननं माइक फिरवला, म्हणाला, आपापली ओळख करून द्या. माइक हातात आला की मी थोडक्यात आटोपणारा नाही. ऑपरेशनची सगळी कथा सांगितली आणि शेवटी म्हणालो, "अन् हे माही ताई, जिनं मले जीव देल्ला." अख्ख्या बसनं टाळ्या वाजवल्या. मागून कोणीतरी ओरडलं, "धन्य आहे ताई तुमची!" ताईनं पदर तोंडावर घेतला. कानात म्हणाली, "काऊन सांगतलं रे? मिरवाची गोष्ट हाय का?" पण तिला बरं वाटलं होतं, मला कळलं.

तेव्हापासून बसमध्ये माझी वट वाढली. मी पेशंट. माझ्या हातात कायम बाटली, आणि ती रिकामी झाली की ताई मागच्या जारमधून भरून आणायची. आता एवढं पाणी प्यालं की उतरावं तर लागणारच. ताई उठून ड्रायव्हरपाशी जायची आणि म्हणायची, "भाऊ, माह्या भावाले उतराचं हाय." गाडी थांबायची. माझ्यासोबत आणखी दहाबारा बाप्ये उतरायचे, ओळीनं रस्त्याच्या कडेला पाठमोरे उभे राहायचे, हात झटकत परत यायचे. बाया आपल्या जागी बसून असायच्या. यात मला काही वावगं दिसलं नाही. लहानपणापासून एसटीत हेच पाहत आलो.

आमेरचा किल्ला पाहिला. चढ भारी आहे, पायऱ्या वेड्यावाकड्या आणि उंच. आरशाच्या महालात ताई भिंतीजवळ जाऊन एका तुकड्यात स्वतःचं कपाळ पाहत उभी राहिली, टिकली सरळ केली आणि हसली. शहरातली जुनी बाजारपेठ सगळी एकाच गेरूच्या रंगात. आमच्याकडं दोघं भाऊ एकाच घराला अर्धा हिरवा, अर्धा निळा रंग मारतात, इथं अख्खं गाव एका रंगावर राजी झालं, याचं मला नवल वाटलं. संध्याकाळी ताईचे गुडघे भरून आले होते. ती बोलली नाही, जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पाऊल टाकत होती त्यावरून दिसलं.

बिकानेर

बिकानेरला उंट दिसला. गाडीला जुंपलेला, लाकडं ओढणारा, ओठ लोंबलेला. ताई म्हणाली, "माय वं, किती उदास चेहरा हाय याचा!" मग त्याच्या मालकाला तिनं मराठीतच विचारलं, "जेवला का हा?" त्यालाही ते समजलं. म्हणाला, "खा लिया माजी."

भुजिया खाल्ला, ताजा, कढईतून काढलेला. आपल्याकडं पाकिटात येतो त्याच्याशी त्याचं काही नातं नाही. जुनागढ किल्ला पाहिला. सोन्याच्या वर्खाचं छत पाहून गुल्हाने मॅडम म्हणाल्या, "एवढं सोनं वर लावून खाली झोपत होते, झोप लागत असेल का?" या गुल्हाने मॅडम आमच्या शेजारच्या सीटवर. हिंगणघाटच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त. बोलक्या, दिलदार, पर्समध्ये अख्खं औषधांचं दुकान. कोणाला मळमळ झाली, कोणाचं डोकं दुखलं, की मॅडमची पर्स उघडायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना चहा वाटला जात होता. बाया कपावर हात ठेवत होत्या. एकीनं घेतला नाही, दुसरीनं घेतला नाही, तिसरीनं दोन घोट घेऊन बशीत ओतून ठेवला. मी म्हणालो, "काय जी, उपास हाय का आज?" गुल्हाने मॅडम म्हणाल्या, "आमचा नियमच आहे भाऊसाहेब. गाडीत बसायचं म्हणजे सकाळपासून घोट नाही घ्यायचा. मी चाळीस वर्षं अशीच बदल्यांच्या गावी जाणं-येणं केलं."

"मंग तुमच्यापेक्षा उंट बरा," मी म्हणालो. "थो तरी आधी टाकी फुल्ल करून निंगते."

सगळ्या हसल्या. ताईही हसली. तिचा कप तसाच भरलेला होता, तिनं तो माझ्यापुढं सरकवला आणि मी प्यालो.

हे वाक्य लिहायला मला आठ दिवस लागले. कोणी वाचून मला नालायक म्हणेल तर म्हणो. एकच किडनी असलेली बाई माझ्यासमोर पाणी सोडून बसली आहे हे मला दिसलं, आणि मी विनोद केला.

पोकरणची वाट

बिकानेरहून जैसलमेर म्हणजे पूर्ण दिवस. रस्ता सुरेख, ना खड्डा ना वळण. दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथवर सपाट, खुरटी काटेरी झुडपं, गुडघ्याएवढी. त्यामागं बकरीही लपणार नाही. आमच्याकडं कसं, तुरीचं वावर असतं, कपाशीची पऱ्हाटी असते, नाल्याचा काठ असतो, बाईमाणसाला आडोसा सापडतो. इथं आभाळ आणि रस्ता, बस्स. ऊन फेब्रुवारीतच कडक होतं, पण हवा कोरडी असल्यानं घाम दिसत नव्हता.

नितीननं सकाळी माइकवर सांगितलं होतं की बायांसाठी पेट्रोल पंपावर थांबू. थांबला. पंपाच्या मागच्या खोलीला कुलूप, किल्ली घेऊन माणूस गावात गेलेला. पुढच्या ढाब्यावर दार होतं तर आत पाय ठेवायची सोय नव्हती. बाया नाकाला पदर लावून गेल्या आणि तशाच परत आल्या. नितीन बिचारा वरमला. "जैसलमेरले हॉटेल एकदम चकाचक हाय काकू, थोडा वेळ कळ काढा," म्हणाला. तो थोडा वेळ म्हणजे साडेचार तास.

मधे माझ्यासाठी गाडी दोनदा थांबली. दुसऱ्या खेपेला मी परत चढत होतो तर ताई सीटवरून उठून दारापाशी आलेली. मी विचारलं, "काय वं ताई?" तिनं बाहेर पाहिलं. रस्त्याच्या कडेला बाप्यांची रांग उभीच होती.

"काई नाई," म्हणाली. "पाय मोकळे कराले उठली." आणि जाऊन बसली.

पोकरणला जेवण झालं. आचाऱ्यानं कढी-भात केला होता. ताईनं भात कोरडाच खाल्ला, कढी घेतली नाही. त्यानंतर बसमध्ये तिनं पर्समधून एक गोळी काढून नुसतीच गिळली, पाण्याशिवाय. मी विचारलं, "कायची गोळी?"

"गुल्हाने मॅडमनं देल्ली. पायाची हाय. कालपासून दोन-दोन घेऊन राह्यली, लय आराम पडला."

पायाची. म्हणजे दुखण्याची. नऊ वर्षं मला जी घेऊ नको म्हणून सांगत होते तीच. माझ्या फाईलवर लाल अक्षरात लिहिलेलं आहे. हे माझ्या डोक्यात यायला पाहिजे होतं की नाही? नाही आलं. किडनीचा पेशंट म्हटलं की मीच, हे माझ्या डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं. ताई म्हणजे देणारी, धडधाकट. मी म्हणालो, "बरं झालं," आणि खिडकीतून दूरवर पवनचक्क्या दिसायला लागल्या होत्या त्यांचा फोटो काढला.

जैसलमेर

जैसलमेर लांबून पिवळं दिसतं, हळद लावलेल्या नवरीसारखं. जवळ गेलं की दगडही तसाच. किल्ल्यात अजून लोक राहतात. दारात सायकली, दोरीवर वाळत घातलेले कपडे, आतून कुकरची शिट्टी. आम्हाला भंवरजी म्हणून तिथले गाइड दिले होते, पन्नाशीचे, पिळदार मिशांचे, हिंदी सावकाश बोलणारे. हवेलीच्या दगडी जाळीकडं बोट करून सांगत होते की आतल्या बायांना रस्ता दिसायचा, रस्त्यावरच्यांना बाया दिसायच्या नाहीत. ताई म्हणाली, "आमाले अशी जाळी बसमंदी पाह्यजे होती." भंवरजींना समजलं नाही. मला समजलं, आणि तरीही मी हसण्यावारी नेलं.

दुपारी सम गावाकडं वाळूच्या टेकड्या पाहायला निघालो. वाटेत भंवरजींनी त्यांच्या ओळखीच्या एका ढाणीवर, म्हणजे चारपाच घरांच्या वस्तीवर नेलं. शेणानं सारवलेली गोल घरं, अंगण इतकं स्वच्छ की चप्पल घालून जायची लाज वाटली. एका म्हाताऱ्या बाईनं बाजरीची भाकर आणि लाल चटणी दिली. ही भाकर आमच्या ज्वारीच्या भाकरीपेक्षा जाड, परातीत नाही, हातावरच थापलेली असावी तशी. मग तिनं माठातून पितळी लोटा भरला आणि पहिला ताईपुढं धरला. ताई वयानं मोठी दिसत होती म्हणून असेल.

ताईनं हात जोडले. "नको माय."

म्हातारीनं लोटा मागं घेतला नाही. "पी ले बाई," म्हणाली आणि तिथंच उभी राहिली. भंवरजी हळूच म्हणाले, "माजी, यहाँ पानी को मना नहीं करते. हमारे यहाँ कहते हैं, घी गिर जाए तो कुछ नहीं जाता, पानी गिरे तो जी जलता है."

ताई ओशाळली. तिनं लोटा दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, ओठ ओले केले, आणि बाजूला उभ्या असलेल्या माझ्या हातात दिला. "याले लागते पाणी," ती म्हातारीला म्हणाली. "माहा भाऊ हाय."

मी सगळा लोटा प्यालो. पाणी गार होतं, मातीचा वास असलेलं. म्हातारी ताईकडंच पाहत होती, तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तिला काही पटलेलं नाही. पाच मिनिटांची ओळख, तिला खटकलं. मला साठ वर्षांची ओळख असून खटकलं नाही.

संध्याकाळी वाळूवर उंटाची सवारी झाली. ताई उंटावर बसली, घाबरून "बापा बापा" करत, दोन्ही हातांनी खुंटा धरून. तो उठला तेव्हा ती पुढं झुकली आणि तोंडातून किंकाळी निघाली, मग लहान पोरीसारखी हसत सुटली. खाली उतरल्यावर म्हणाली, "आता अंगणवाडीतल्या पोराईले सांगता येईन." ती निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. तेवढाच एक तास त्या सहलीतला, जो मी कोणाला देणार नाही.

जेवणात दाल-बाटी होती, तुपात बुडवलेली. ताईला ती बाधली. त्या तंबूंच्या मुक्कामी रात्रभर तिला जुलाब झाले आणि तिनं मला उठवलं नाही.

सम ते जोधपूर

सकाळी नऊला ती माझ्या तंबूत गोळी द्यायला आली नाही, तेव्हा मी गेलो. ती गादीवर बसलेली. डोळ्यांखाली सूज, ओठांना भेगा, पायाच्या घोट्यावर बोट दाबलं तर खड्डा पडून राहिला. तो खड्डा मला चांगला माहीत होता. माझ्या पायावर मी तो कितीदा पाहिला होता.

मी तिला विचारलं, "ताई, लघवी झाली का?"

मोठ्या बहिणीला भावानं हे विचारायचं नसतं आमच्याकडं. तिनं मान फिरवली. मी ओरडलो, "सांग नं वं! लाजून राह्यली काय माह्यापाशी?"

"काल दुपारपासून नाई," ती म्हणाली. "मले वाटलं बरंच झालं. गाडीत तरास नाई."

पुढचं भराभर झालं. नितीननं बस सरळ जैसलमेरच्या सरकारी दवाखान्यात घातली, कोणी एका शब्दानं कुरकुरलं नाही. तिथल्या डॉक्टरनं रक्त तपासलं आणि म्हणाला, इथं नाही होणार, जोधपूरला न्या. भंवरजींचं काम आदल्या दिवशीच संपलं होतं, तरी ते ॲम्ब्युलन्समध्ये पुढं बसले. "माजी ने हमारे यहाँ पानी नहीं पिया," एवढंच म्हणाले, जसं काही त्यांच्याच घरचं चुकलं.

जवळपास तीनशे किलोमीटर. ताईच्या हाताला सलाइन. ती अर्धवट ग्लानीत होती. मधेच डोळे उघडले आणि म्हणाली, "मन्या, गोळी घेतली काय तू?"

मी रडलो, मला लाज नाही ते सांगायची.

जोधपूरच्या डॉक्टरनं मला दोन प्रश्न विचारले. दिवसाला किती पाणी पीत होत्या? दुखण्याची गोळी घेतली का? पहिल्याचं उत्तर मला माहीत होतं, कारण तिची प्रत्येक नाकारलेली बाटली मीच प्यालो होतो. दुसऱ्याचंही माहीत होतं. डॉक्टरनं कपाळावर हात मारला नाही, रागावला नाही. "एक किडनी थी ना," म्हणाला आणि डायलिसिसचं यंत्र लावायला सांगितलं.

दोन दिवसांनी आमची बस जोधपूरला आली. गुल्हाने मॅडम दवाखान्यात आल्या, डोळे सुजलेले. "माझ्या गोळीनं झालं हो भाऊसाहेब." माझं टाळकं सणकलं. चारचौघांत म्हणालो, "तुमाले डॉक्टरकी कोणं सांगतली होती? पर्स हाय का दवाखाना?" त्या भिंतीला टेकून रडायला लागल्या. आतून ताईचा आवाज आला, बारीक पण कडक. "मन्या! मॅडमनं चांगल्यासाठी देल्ली. माह्या तोंडात थोडीच घातली? मी घेतली. तू पाह्यलं." मी दारातून बाजूला झालो. मॅडम तिच्या पायाशी बसून राहिल्या, त्यांची बस निघेपर्यंत.

ताईच्या मुलाचा, आशिषचा पुण्याहून फोन आला, तो निघाला होता. मी सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "मामा, तू होतास ना सोबत?"

लोक विचारतात, मेहरानगढ पाहिला का? पाहिला. वॉर्डाच्या खिडकीतून, अठरा दिवस. खडकावर बसलेला, खाली निळी घरं. ताईला त्या खिडकीकडं पाठ करून झोपवलेलं होतं.

सिंदी

ताई आता माझ्याकडं राहते. कारंजाचं घर बंद आहे. आठवड्यातून दोनदा आम्ही सावंगीच्या दवाखान्यात डायलिसिसला जातो. ज्या खुर्च्यांवर मी बसायचो तशाच खुर्च्या, तशाच नळ्या. आता तिचं पाणी मोजून, दिवसाला दोन पेले. उन्हाळ्यात ती ओला रुमाल ओठांवर ठेवते. मी तिच्यासमोर पाणी पीत नाही. माडीवर जाऊन पितो, कारण मला प्यावंच लागतं. एकदा तिनं पकडलं. म्हणाली, "लपून कायले पितं रे? चोरी हाय का?"

सहलीतल्या बायांचे फोन येतात. एकीनं सांगितलं की ती आता गाडीत बसल्याबरोबर ड्रायव्हरला बजावते, दोन तासांनी थांबायचं आणि आधी बायांनी उतरायचं, बाप्ये नंतर. चांगलं आहे. मी नितीनलाही तसंच लिहून दिलं, त्यानं कागद बसच्या काचेवर चिकटवला. त्यानं ताईचं काही होत नाही.

डॉक्टर म्हणाले होते, तीन महिने वाट पाहू, कधीकधी किडनी परत उठते. तीन महिने झाले. नाही उठली.

मागच्या आठवड्यात आम्हाला दुसऱ्या खोलीत पाठवलं, किडनी बसवायच्या यादीत नाव घालायला. नवीन डॉक्टर होती, पोरगीच, पंचवीस-सव्वीसची, गोड बोलणारी. फाईल अजून तिच्याकडं आली नव्हती, तिनं कोरा फॉर्म पुढं ओढला. नाव, वय, गाव. मग विचारलं, "आजी, रक्ताच्या नात्यातलं कोणी देणारं आहे का?"

"पोरगा म्हणते देतो," ताई म्हणाली. "पण त्याले शुगर निंगाली. अन् नसती निंगाली तरी मी घेतली नसती."

"आई-वडील?"

"गेले."

"भाऊ, बहीण?"

"हा एकच भाऊ हाय," ताई म्हणाली.

डॉक्टरचा चेहरा खुलला. तिनं पेन माझ्याकडं वळवलं. "वा, मग चांगलंच आहे की! काका, तब्येत तर छान दिसते तुमची. रक्तगट काय?"

"ताईचाच," मी म्हणालो.

"मग तुमच्या तपासण्या सुरू करू या. घाबरायचं काही नसतं काका, माणूस एका किडनीवर आरामात जगतो."

ताईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी बोलू नये असं तिला वाटत असावं. पण बोलल्याशिवाय इलाज नव्हता.

"मॅडम," मी म्हणालो, "माह्यात एकच चालू हाय. अन् थे या ताईचीच हाय."

पोरीनं आमच्या दोघांकडं पाहिलं. मग तिनं त्या रकान्यात 'कोणी नाही' लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.